कोणती वाट कुणासाठी? कोकणातल्या फोर-बाय-फोरवाल्यांचे प्रश्न

मृगाच्या तोंडावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात गाडी कोणती घ्यावी हे विचारणारे वाचक आता घेतलेली गाडी कुठे घालावी हे विचारू लागतात. या अंकात त्यांतले आठ प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (गुहागर): दोन महिन्यांपूर्वी थार फोर-बाय-फोर घेतली. बारा वर्षे गाडी चालवतो आहे, पण सगळी डांबरावर. मित्र म्हणतात, थार आहे म्हटल्यावर कुठेही घाल. सुरुवात कोणत्या वाटेने करू?

सोप्या वाटेने, आणि तीही कोरडी असताना. आपल्याकडच्या कच्च्या वाटांना सरकारी दर्जा नसतो, म्हणून या सदरात आम्ही पाच दर्जे धरतो. चिरेखाणीकडे ट्रक जातात तो रस्ता किंवा वाडीचा मुरमाचा रस्ता हा पहिला दर्जा. चाकोरी हातभर खोल नाही, पण १५ सेंटिमीटरपर्यंत खड्डे आहेत, मध्ये सुटे चिरे पडलेत आणि १० अंशांपर्यंत चढ आहे, तो दुसरा. तिसऱ्यात चाकोरी २५-३० सेंटिमीटर खोल, चढ १५ ते २० अंशांचा, आणि तिरक्या खड्ड्यात एखादे चाक अधांतरी जाणार हे गृहीत धरायचे. चौथ्यात घळी येतात, पायरीसारखे ३०-४० सेंटिमीटरचे कातळ येतात आणि गाडी बाजूला कलते. पाचव्याला विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, लागते. कोकणात पाचव्या दर्जाची म्हणून दाखवली जाणारी बहुतेक ‘वाट’ म्हणजे व्हाळाचे पात्र असते. तिथे गाडी घालूच नये, कारण खालच्या वाडीचे पाणी त्यातूनच जाते.

चढ डोळ्यांनी मोजू नका, बाहेरून तो नेहमी कमी दिसतो. फोनमधली लेव्हल वाटेवर ठेवा, नाहीतर दोरी धरा: १० मीटर आडव्या अंतरात पावणेदोन मीटर चढ म्हणजे १० अंश, साडेतीन मीटरहून थोडा जास्त म्हणजे २० अंश.

हा दर्जा कोरड्या दिवसाचा झाला. पाऊस पडून गेला की एक वाढवा. आंबा-फणसाच्या दाट सावलीत जांभ्यावर शेवाळ धरले असेल तर आणखी एक. म्हणजे एप्रिलमध्ये दुसऱ्या दर्जाची असलेली पाणंद ऑगस्टमध्ये चौथ्याची होते, आणि ‘मेमध्ये गेलो होतो की’ म्हणणारेच तिथे अडकतात.

आता चालवणाऱ्याचा दर्जा. वेगवेगळ्या तीन दिवशी, कुणी न ओढता, काही न मोडता जी वाट पार केली तो तुमचा दर्जा. गाडीचा आणि हाताचा दर्जा मांडा, त्यांतला लहान तो खरा. सोबत दुसरी गाडी नसेल तर त्यातून एक वजा करा. तुमची थार चौथ्यापर्यंत जाईल, पण तुमचा हात आज पहिल्यावर आहे. सोबत एक गाडी घेऊन पहिल्या दर्जाच्या वाटेवर तीनदा जा, मग दुसऱ्यावर.

गाडी चांगली आहे म्हणून हा हिशेब सोडू नका. फोर-बाय-फोर माणसाला अडचणीत अधिक आत नेते. टू-व्हील ड्राइव्ह गाडी चढाच्या तोंडालाच थांबते, थार अर्ध्या चढावर थांबते. डांबरावर मुरलेल्या तीन सवयी तिथे घात करतात: उतारावर क्लच दाबणे, घसरताच ब्रेक गच्च मारणे आणि चाक फिरू लागले की ॲक्सिलरेटर वाढवणे. तिन्हींनी गाडीवरचा ताबा जातो.

आणखी एक सांगायला हवे. थारचा फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या गिअरांत चारही चाके ओढण्याची सोय, पार्ट-टाइम आहे; पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे सेंटर डिफरेन्शियल त्यात नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात तो फरक चाक घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, गिअरमध्ये ताण साठतो, स्टिअरिंग जड होते आणि लिव्हर अडकतो. कातळाच्या कोरड्या सड्यावरही हेच होते. पकड भरपूर असेल तिथे टू-हाय, म्हणजे फक्त मागची चाके.

प्रश्न (कुडाळ): काजूच्या बागेकडे तीन किलोमीटरची वाट आहे, मध्ये दोन घळी आणि एका जागी गडगा पडून त्याचा उंचवटा झालाय. घरात पाच माणसे. पाच दारांची जिम्नी, तीन दारांची थार, पाच दारांची थार रॉक्स की गुरखा?

तुमच्या वाटेवर निर्णय घळी आणि तो उंचवटा करणार आहेत, इंजिन नव्हे. घळीत उतरताना बंपर आणि चढताना मागचा भाग टेकतो, उंचवट्यावर पोट टेकते. पोट टेकण्याचा कोन थारला २७ अंश, गुरखाला २८, जिम्नीला २४ आणि रॉक्सला २३.९ आहे. चाकांमधले अंतर वाढले की हा कोन घटतो. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, जिम्नीचा २५९०, रॉक्सचा २८५०. रॉक्सच्या दोन जादा दारांची सोय हवी असेल तर या उंचवट्यावर ती टेकणार हे धरून चाला, नाहीतर आधी घमेले-फावडे घेऊन दोन्ही बाजूंनी दगड-माती भरून उतार करा. गडगा तुमचाच असेल तर अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि गाडी उंच करणाऱ्या कुठल्याही लिफ्ट किटपेक्षा स्वस्त.

जिम्नीच्या बाजूने सांगायचे ते वजन. ती साधारण १२०० किलोची आहे, थार तिच्याहून सुमारे ५०० किलोंनी जड. ओल्या तांबड्या मातीत हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तर चार माणसांनी ढकलून निघते. मागून सुटण्याचा कोनही तिचा ४७ अंश आहे, म्हणून घळीतून चढताना मागचा बंपर वाचतो. उणे बाजू म्हणजे जमिनीपासून २१० मिलिमीटरचा क्लिअरन्स आणि अरुंद टायर. थारला २२६ आणि गुरखाला २३३ आहे.

तिरक्या घळीत एक पुढचे आणि त्याच्या विरुद्धचे मागचे चाक हवेत गेले तर साध्या डिफरेन्शियलची गाडी थांबते, कारण सगळी ताकद हवेतल्या चाकाला जाते. जिम्नीत आणि थारमध्ये फिरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे वळवते. पण त्यासाठी चाक थोडे फिरावे लागते. लोक चाक फिरताच घाबरून पाय काढतात आणि ती यंत्रणा कामाला लागतच नाही. पाय हलका पण स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद थांबा. थारच्या काही व्हेरिएंटमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियलही आहे. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते स्वतः जुळते, ‘टक्’ असा आवाज येतो, तो बिघाड नव्हे. गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक हाताने लावता येतात. मात्र लॉक चाक अधांतरी जाण्याच्या आधी लावायचे असते, अडकल्यावर नव्हे, आणि पुढचे लॉक लावून वळायला जाऊ नका, स्टिअरिंग ऐकणार नाही.

पाच माणसे रोजची असतील तर जिम्नीत पाचव्याची सीट नाही, ती चौघांची गाडी आहे. तीन दारांची थारही चौघांचीच. मग उरते पाच दारांची गुरखा किंवा उंचवटा सपाट करून रॉक्स. दुसरा पर्याय घेतलात तर डिझेल फोर-बाय-फोरच घ्या. रॉक्सचे पेट्रोल आणि डिझेलच्याही बऱ्याच व्हेरिएंट मागच्या दोन चाकांवर चालतात, बुकिंगच्या पावतीवर ‘4x4’ शब्द वाचूनच सही करा.

प्रश्न (देवरुख): गावाकडे जाताना व्हाळ आहे, साकव फक्त माणसांचा. कंपनीच्या पत्रकात गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असे आहे. जुलैत व्हाळाला तेवढेच पाणी असते. घालू का?

नको. तो आकडा साठलेल्या, स्थिर पाण्यातला, खालची जमीन पक्की असताना, हळू गेल्यावरचा. तुमच्या व्हाळात यातले काही नाही.

वाहत्या पाण्यासाठी आमचा नियम चाकाच्या मध्याचा. थारच्या १८ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३८ सेंटिमीटरवर येतो, जिम्नीचा ३४ वर. माणसाच्या गुडघ्याखाली चार बोटे, तेवढेच. त्याच्या वर वाहते पाणी असेल तर दर्जा कोणताही असो, थांबायचे.

कारण साधे आहे. गाडीचे बूड साधारण साडेचार चौरस मीटरचे. पाणी बुडाला लागल्यावर दर १० सेंटिमीटरला ते गाडीचे ४५० किलो वजन उचलते. दोन माणसे बसलेली जिम्नी सुमारे १३५० किलोची, म्हणजे बुडाच्या वर १५ सेंटिमीटर पाणी आले की चाकांवर निम्मेच वजन उरते, ३० सेंटिमीटरला ती तरंगते. तोपर्यंत आत पाणी शिरून ती थोडी जड होईलही, पण निम्मे वजन गेलेल्या गाडीला बाजूचा रेटा ढकलायला पुरतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की तो रेटा चौपट होतो. वरच्या डोंगरावर पाऊस पडत असेल तर तुमच्याकडे ऊन असतानाही व्हाळ तासाभरात वाढतो. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की तो वर भरला असे समजा.

चाकाच्या मध्याखाली पाणी असेल तरी आधी पायी पार करा. गमबूट घाला, हातात काठी घ्या आणि दोन्ही चाकांच्या रेषेवरून चाला, मधून नाही. काठी मऊ जागी किती रुतते आणि कुठे सुटा धोंडा आहे ते ठरवा. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस हा अशा पाण्यातून जखमेवाटे शिरणारा आजार आपल्याकडे, सिंधुदुर्गातही, आढळतो. पायी पार करायला भीती वाटली तर गाडीही जाणार नाही.

मग गाडीची तयारी. लांबून तापून आली असेल तर पाण्याआधी दहा-पंधरा मिनिटे थांबवा. तापलेल्या डिफरेन्शियलचा गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, श्वास घेण्याची नळी चिखलाने बुजली असेल तर ती ऑइल सीलमधून पाणी ओढते. एसी बंद करा, नाहीतर पंखा पाण्यात सुरू होतो. फोर-लो (चारही चाके, कमी वेग, जास्त ओढ), पहिला किंवा दुसरा गिअर, पाण्यात शिरताना चालण्याच्या वेगाने. बॉनेटपुढे एक लाट तयार होते, तिच्या मागे पाणी थोडे खाली राहते. ती लाट फोडू नका, म्हणजे मध्येच वेग वाढवू किंवा कमी करू नका. क्लच दाबू नका, गिअर बदलू नका. प्रवाह तिरका असेल तर वरच्या बाजूने शिरून थोडे खालच्या बाजूला निघा.

गाडी पाण्यात बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नका. इंजिनात पाणी गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखांत जाते. दोरीने बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर इंजिन मेकॅनिककडेच सुरू होईल. सुखरूप पार झालात तरी पुढचे शंभर मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून ते सुकवा. थार-जिम्नीला मागे ड्रम ब्रेक आहेत, त्यांत तांबडी माती अडकून लायनर खाते. घरी आल्यावर पाण्याच्या जोराने धुवा, आणि आठवड्याच्या आत डिफरेन्शियलचे तेल तपासा. चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, तेल बदला.

आणि साकवाच्या अलीकडे, उंच जागी, गाडी ठेवायला शेड बांधून घ्या. जुलै-ऑगस्टचे काही दिवस तुम्हाला चालतच जावे लागणार.

प्रश्न (मालवण): ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून थोडी गाडी चालवली तर काय बिघडते? वाळू घट्ट असते.

बरेच बिघडते. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास मनाई आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवतात. त्याहून मोठे कारण म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवे. वेळास, आंजर्ले आणि इतरही किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून मेपर्यंत त्यांची अंडी वाळूत असतात, पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वरून चाक गेले की घरट्यावरची वाळू दाबली जाते आणि पिल्ले वर येऊ शकत नाहीत. चाकोरीत उतरलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही.

होडी उतरवायची परवानगी असलेल्या जागी ट्रॉली न्यावीच लागते अशा वाचकांसाठी तेवढे सांगतो. भरतीची वेळ जुन्या रीतीने काढा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास आणि उधाणाचीही तीच वेळ. तास-अर्धा तास मागेपुढे धरा. टायरची हवा १६ ते १८ पीएसआयवर आणा, फोर-लो, वळणे मोठी, ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या. थांबल्यावर चाक जागच्या जागी फिरले तर लगेच थांबा, कारण ओली वाळू दोन फेऱ्यांत गोळ्यापर्यंत खेचते आणि मग भरती येते. परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने बूड धुवा.

प्रश्न (राजापूर): सड्यावरच्या जांभ्याने दोन टायरचे साइडवॉल फाटले. मड-टेरेन टायर लावू का? आणि गाडी उचलून घेऊ का?

टायरआधी हवा आणि रेषा. जांभ्याच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत, नव्याने फुटलेला चिरा करवतीसारखा असतो. रस्त्यावरच्या हवेने टायर कडक राहतो आणि कड एका जागी रुतते, तर फार कमी केली तर बाजूची भिंत बाहेर फुगते आणि तीच कापली जाते. त्यामुळे जांभ्यावर २४ ते २६ पीएसआय, चिखलात २० ते २२. चिखल पार करून सड्यावर आलात की पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आणि खात्रीचा प्रेशर गेज गाडीत हवा. कमी हवेवर ३० च्या वर वेग नको. डांबरावर परतताना दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत भरा, गाड्या खाडीपार नेणाऱ्या जंगलजेटीच्या रांगेत उभे असाल तर तो वेळ उत्तम. साइडवॉल वाचवायचा असेल तर मोठा चिरा चाकाच्या मधोमध घ्या, बगलेत नको. चिऱ्यावरून चढणे चुकवायला गेलात की भिंत घासते.

ऑल-टेरेन टायर तुम्हाला पुरतील. मड-टेरेनचे मोठे ठोकळे खोल चिखलात स्वतःला साफ करतात, पण शेवाळलेल्या ओल्या कातळावर आणि पावसातल्या डांबरावर त्यांची पकड ऑल-टेरेनहून कमी पडते. कोकणात वाटेवर जाऊन येताना चाळीस किलोमीटर ओले डांबर असतेच.

उचलण्याविषयी: गाडी निर्मात्याच्या तपशिलांपेक्षा वेगळी करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो आणि बाजूच्या उतारावर गाडी लवकर कलंडते.

सड्यावर पायवाट-गाडीवाट सोडून जाऊ नका. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अजून बरीच मातीखाली, गवताखाली आहेत आणि वरून पाहून ती ओळखता येत नाहीत. फेब्रुवारी ते मे गवत वाळलेले असते, तेव्हा तापलेल्या सायलेन्सरची गाडी त्यावर उभी करू नका. बीएस-६ डिझेल गाड्यांचा फिल्टर स्वतः साफ होताना फार तापतो आणि खाली वणवा लागतो.

प्रश्न (चिपळूण): मी स्वतः कार चालवते, आता यजमानांची जिम्नी वाटेवर चालवायला शिकायची आहे. पण चढावर हात-पाय गळतात. कुठून सुरू करू?

ताई, चढापेक्षा उतारापासून सुरू करा. भीती निघते ती मागे घसरण्याच्या कल्पनेने, आणि उतारावर इंजिन गाडी कसे धरते हे कळले की ती जाते.

मोकळी, कोरडी, ८-१० अंशांची, खाली सपाट मोकळी जागा असलेली चढण शोधा. फोर-लोमध्ये टाका: गाडी थांबवून, क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला. पहिल्या गिअरमध्ये वरून खाली या, दोन्ही पाय गाडीच्या फरशीवर, क्लच नाही, ब्रेक नाही. गाडी माणसाच्या चालीने उतरेल. हे दहा वेळा करा. मग तीच चढण चढा, अर्ध्यात मुद्दाम थांबा. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही. इंजिन बंद झाले असेल तर क्लच दाबून सुरू करा, रिव्हर्सला टाका, क्लच पकडू लागेपर्यंत ब्रेक धरा, मग हँडब्रेक सोडा, मग क्लच पूर्ण सोडत हळू पायाचा. सरळ मागे या, आरशात पाहत, स्टिअरिंग हलवू नका. वीस वेळा. हा व्यायाम इतका मुरला पाहिजे की अडकल्यावर डोक्याने विचार करायची गरज पडू नये.

चढ अर्ध्यात सुटला की लोक गाडी वळवायला जातात. वळताना ती उताराला आडवी होते, आणि गाड्या उलटतात त्या बहुतेक अशाच क्षणी. म्हणून आलात त्याच रेषेने मागे, दुसरे काही नाही. ओल्या उतारावर मागचा भाग घसरून आडवा होऊ लागला तर ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करा. चाकाला फिरायला मिळाले की दिशा परत मिळते. हे अंगाच्या विरुद्ध आहे, म्हणून आधी ओल्या सपाट मैदानात वीसच्या वेगाने करून बघा.

दोन्ही हातांचे अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवा. चाक चिऱ्यावर आपटले की स्टिअरिंगचा दांडा अंगठा उलटवू शकतो, पॉवर स्टिअरिंग असले तरी. आणि शेजारी यजमान बसणार असतील तर एक अट आधीच ठरवा: बाहेर उभा असलेला एकच माणूस हाताने दाखवणार, आतल्याने बोलायचे नाही.

प्रश्न (मंडणगड): आमच्याकडे टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो आहे. आंब्याच्या हंगामात बागेत जाते. पावसातही जावी म्हणून काय करू?

एप्रिल-मेमध्ये ती दुसऱ्या दर्जापर्यंत बिनधास्त जाईल. मागची चाके ओढत असल्याने मागे दोनशे किलो पेट्या असतील तर चढावर पकड उलट वाढते, रिकामी गाडीच जास्त घसरते. पावसात पहिल्या दर्जापुढे नेऊ नका. न्यावीच लागली तर झिजलेले टायर बदला, हवा २२ वर आणा, चढाच्या आधी वेग घ्या आणि मध्ये गिअर बदलू नका. चाक अडकले तर खाली झावळ्या घालू नका, त्या मागे भिरकावल्या जातात. फळ्या किंवा जाळीचे ट्रॅक-बोर्ड घाला.

प्रश्न (कणकवली): पाच-सहा गाड्यांनी एकत्र जातो. दोरी असते, तरी गेल्या खेपेला टोइंगचा हुक तुटून उडाला. नेमके काय सामान हवे?

हुक उडाला आणि कुणाला लागले नाही, हे नशीब. दोरीने गाडी काढणे हे या सगळ्यातले सर्वांत धोकादायक काम आहे आणि त्यासाठीच लोक सर्वांत कमी खर्च करतात.

दोरी दोन प्रकारची. न ताणणारा पट्टा हळू ओढायला, म्हणजे बंद पडलेली गाडी नेण्यासाठी. ताणणारी कायनेटिक दोरी रुतलेल्या गाडीसाठी. ती ३० टक्क्यांपर्यंत लांबते आणि साठलेली ताकद गाडीला सोडते. ताणणाऱ्या दोरीची जागा साध्या पट्ट्याने किंवा साखळीने घेतली की झटका सगळा हुकावर येतो. तुमच्याकडे बहुधा तेच झाले.

बांधायची जागा चेसिसला पक्की बसवलेली रिकव्हरी पॉइंट असावी. ट्रेलरचा गोळा, बंपर, ॲक्सल, सस्पेन्शनचा रॉड हे कधीच नाही, ट्रेलरचा गोळा तुटला की तो तोफेच्या गोळ्यासारखा काचेतून आत येतो. ॲक्सलला पुढून ओढले तर ते सरकते. शॅकल (दोरी अडकवायची पिनवाली कडी) पाऊण इंची, ४.७५ टनांचा शिक्का असलेला. पिन पूर्ण आवळून पाव फेरी मागे सोडायची, नाहीतर ताणाखाली ती घट्ट बसते. दोन दोऱ्या जोडायच्या तर शॅकलने नको, एकमेकींत गुंफा. शॅकल मध्ये असला आणि दोरी तुटली तर तो उडतो.

आधी खणा. चाकांपुढची माती काढली, बूड मोकळे केले की लागणारी ताकद निम्म्याहून कमी होते, म्हणून फावडे दोरीच्या आधी उतरवा. दोरीवर ओले पोते किंवा जाड रजई टाका, तुटली तर ती खाली पडते. माणसे दोरीच्या लांबीच्या दीडपट दूर, आणि दोन गाड्यांच्या मध्ये कुणी नाही, फोन धरून चित्रीकरण करणाराही नाही. ओढणारी गाडी पहिल्यांदा हळू जाते, दोरी सैल ठेवून तीन-चार मीटर. दोनदा निघाली नाही तर वेग वाढवू नका, पुन्हा खणा. विंच असेल तर ती गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट क्षमतेची हवी, थारसारखीला साडेतीन ते चार टनांची.

गाड्यांचा क्रम असा ठेवा: जिच्यात विंच किंवा लॉक आहे ती पुढून दुसरी, म्हणजे पहिली अडकली तर मागून ओढता येते. सर्वांत नवा चालक मधोमध, आणि अनुभवी माणूस शेवटी. वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढची थांबते. रस्त्यात कुणाच्या गाडीचे पत्रे वाजायला लागले तर त्याला सोडून इतरांनी पुढे जायचे नाही.

वापरलेली दोरी घरी आणून साध्या पाण्यात बुडवून धुवा. लाल मातीचे कण तंतूंत शिरून आतून कापतात आणि वरून काही दिसत नाही. सावलीत वाळवा, उन्हात नायलॉन कडक होते. धागे तुटलेले दिसले किंवा एखाद्या जागी दोरी चपटी आणि ताठ लागली, तर ती कापून दोन तुकडे करा, म्हणजे नाइलाजाने कुणी ती पुन्हा गाडीला बांधणार नाही.